नर्सरीचा फॉर्म भरण्याआधी: खासगी शाळा आपल्या मुलाला आणि घराला मानवेल का?

नवरात्र उलटलं की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते, ‘अमुक शाळेचे फॉर्म निघाले का?’ मूल अजून नीट बोलायला लागलेलं नसतं आणि आईबाबांना वाटू लागतं, आत्ता चुकलं तर दहावीपर्यंतचं सगळं हातचं गेलं. माझी लेक आता दुसरीत आहे. आम्ही मानपाड्याला राहतो, नवरा ऐरोलीला नोकरीला आणि मी ठाण्यातच. नर्सरीच्या वेळी जी माहिती आम्हाला दहा जणांकडून तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागली, ती इथे एका जागी मांडते आहे. नवी मुंबईकरांनाही बरीचशी लागू पडेल. जिथे फरक आहे तिथे तसं लिहिलंय.

माझं सांगणं एवढंच आहे की ‘शाळा चांगली आहे का?’ हा प्रश्न नंतर विचारा. त्याआधी विचारा, ‘या शाळेमुळे आमच्या मुलाचा रोजचा दिवस कसा जाईल आणि तो दिवस आमच्या घराला निभावता येईल का?’ पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाभोवती आहेत.

१. आधी वय मोजा

महाराष्ट्रात नर्सरीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला ३ वर्षं पूर्ण आणि पहिलीसाठी ६ वर्षं पूर्ण, ही किमान अट आहे. सप्टेंबर २०२० च्या शासन निर्णयाने ही तारीख ठरली. काही शाळा ३१ डिसेंबरच्या आधीची स्वतःची तारीख लावतात, म्हणून फॉर्म घेण्याआधी फोन करून विचाराच.

आता एक उदाहरण बघा. मूल २० नोव्हेंबर २०२३ ला जन्मलंय. ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत त्याला ३ पूर्ण होतात, म्हणजे जून २०२६ च्या नर्सरीला ते पात्र आहे. पण शाळेच्या पहिल्या दिवशी ते जेमतेम अडीच वर्षांचं असेल, आणि शाळा एप्रिलमध्ये भरणारी असेल तर त्याहूनही लहान. त्याच बाकावर जानेवारी २०२३ चं मूल बसलेलं असेल, चांगलं सव्वातीन वर्षांच्या पुढचं. या वयात दहा महिन्यांचा फरक फार मोठा असतो. एकाला स्वतःची चड्डी वर ओढता येते, दुसऱ्याला शू लागल्याचं सांगताही येत नाही. मग वर्षभर ‘तुमचं मूल मागे पडतंय’ असं ऐकावं लागतं, आणि खरं तर ते मागे वगैरे काही पडलेलं नसतं.

ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या मुलांच्या पालकांनी म्हणूनच एक वर्ष थांबण्याचा विचार जरूर करावा. ३१ डिसेंबरची अट किमान वयाची आहे, त्याच वर्षी घालायलाच हवं असं ती म्हणत नाही. फक्त शाळेने कमाल वय ठरवलंय का, हे विचारून घ्या.

याच्या उलटा सापळा प्ले ग्रुपवाल्यांचा. काही जण दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत मुलाला घेतात, ‘हुशार आहे’ म्हणून पुढे ढकलतात, आणि सिनियर केजी संपल्यावर कळतं की पहिलीचं वय भरत नाही. मग तोच वर्ग पुन्हा करावा लागतो, आणि तोवर मित्र पुढे गेलेले असतात.

२. पर्याय नीट ओळखा

‘खासगी शाळा’ म्हणताना लोक वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. ठाणे-नवी मुंबईत ढोबळमानाने हे प्रकार दिसतात:

- सोसायटीजवळची प्ले स्कूल. प्ले ग्रुप ते सिनियर केजी, बहुतेक वेळा तळमजल्यावरच्या गाळ्यात किंवा बंगल्यात. चालत जाता येतं, मुलं कमी असतात. पहिलीला मात्र पुन्हा शाळा शोधायची असते.
- मोठ्या खासगी शाळेचा पूर्वप्राथमिक विभाग. एकदा आत गेलात की पहिलीची चिंता सहसा राहत नाही. फी जास्त, वर्ग मोठे, आणि बरेचदा बस लागते.
- जुन्या मराठी शिक्षणसंस्थांचे शिशुवर्ग-बालवर्ग. नौपाडा, पाचपाखाडी भागात यांची परंपरा मोठी आहे. पुढे सेमी-इंग्रजीची सोय अनेक ठिकाणी आहे, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून.
- अंगणवाडी आणि महापालिकेची बालवाडी. नोकरदार मध्यमवर्गीय घरं इकडे बघतही नाहीत. मला हे पटत नाही. निदान एकदा जाऊन बघावं, कारण सेविका चांगली असेल तर घराजवळ, मोफत आणि मुलाच्या भाषेत दोन-तीन तास आनंदात जातात.

नवी मुंबई महापालिका सीवूड्स आणि कोपरखैरण्याला सीबीएसईच्या शाळाही चालवते, हे तिथे नव्याने राहायला आलेल्या अनेकांना माहीत नसतं.

आणखी एक वाट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ (१) (क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलै २०२४ मध्ये रद्द केली. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे, तर वंचित घटक आणि दिव्यांग मुलांचे निकष वेगळे आहेत. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीने. यात दोन गोष्टींवर अर्ज बाद होताना दिसतात. एक, नकाशावर घराची खूण चुकीच्या जागी लावली जाते. दुसरी, भाडेकरार नोंदणीकृत नसतो. नोटरी केलेला कागद चालत नाही. हे दोन्ही आधीच नीट करून ठेवा.

३. मुलाचा एक पूर्ण दिवस कागदावर मांडा

ही पायरी कोणी करत नाही आणि माझ्या मते हीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. वहीचं एक पान घ्या आणि सकाळी उठण्यापासून रात्री झोपेपर्यंतचा दिवस, तासातासाने, त्या विशिष्ट शाळेचं नाव वर घालून लिहा. मूल कधी उठेल, दूध-नाश्ता कोण देईल, बस किती वाजता आणि कुठल्या गेटवर, शाळा किती तास, डबा काय, घरी आणायला कोण, जेवण, झोप, खेळ.

लिहिता लिहिता खरी अडचण समोर येते, आणि ती बहुतेक घरांत दुपारी बाराची असते. नर्सरी साधारण तीन तासांची. नऊला सोडलेलं मूल बाराला परत येतं. आईबाबा दोघंही नोकरीला असतील तर बारा ते सात ते कुठे असणार? आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारलंय का, की गृहीत धरलंय? आमच्या घरी सासूबाईंनी आपणहून सांगितलं होतं, ‘मी सांभाळीन, पण चार जिने उतरून रस्ता ओलांडून तिला आणणं गुडघ्यांना जमायचं नाही.’ एवढं एक वाक्य बोललं गेल्यामुळे आमची यादी अर्धी झाली, कारण रस्त्यापलीकडच्या शाळा आपोआप गळल्या.

पाळणाघर लागणार असेल तर ते शाळेजवळ आहे की घराजवळ, शाळेची बस तिथे सोडते का, शाळेला सुट्टी असते त्या दिवशी ते उघडं असतं का, हे सगळं त्याच पानावर लिहा. काही शाळांना जोडून डे-केअर असतं. सोयीचं वाटतं खरं, पण तीन वर्षांचं मूल सकाळी आठ ते संध्याकाळी सात त्याच इमारतीत राहणार असेल तर दुपारी त्याला झोपायला स्वतंत्र, शांत खोली आहे का, ते डोळ्यांनी बघून या.

प्रवासाचं सांगायचं तर घोडबंदर रोडवरचं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. कासारवडवली ते कापूरबावडी रविवारी सकाळी जसं जातं तसं सोमवारी सकाळी साडेआठला जात नाही, आणि मेट्रोच्या कामांनी तर रस्त्याची रुंदी कधी बदलेल ते सांगता येत नाही. ज्या वेळेला बस धावणार त्याच वेळेला, कामाच्या दिवशी, एकदा स्वतः जाऊन बघा. जमलं तर पावसाळ्यातही. नवी मुंबईत हा प्रश्न सोपा आहे, कारण सिडकोने नोड, म्हणजे वाशी-सानपाड्यासारखी उपनगरं, आखतानाच शाळांसाठी भूखंड राखले. तिथे माझा आग्रह एवढाच राहील की केजीसाठी आपला नोड सोडू नका. सानपाड्याच्या मुलाने खारघरला जावं इतकी कुठलीच नर्सरी वेगळी नसते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. तरी दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांत वेळेची अडचण असते, म्हणून मुलाचं सत्र कुठलं असेल आणि पहिलीत गेल्यावर ते बदलेल का, हे विचारा. सकाळचं सत्र दुपारचं झालं की घरची सगळी घडी विस्कटते.

४. पैसे: नर्सरीची फी बघू नका, दहावीपर्यंतचा हिशेब मांडा

शाळा सांगते ती रक्कम पहिल्या वर्षाची असते. तुम्ही मनात ठरवत असता ते तेरा वर्षांचं. नर्सरी, दोन केजी आणि दहा इयत्ता. समजा पहिल्या वर्षाची फी १ लाख आहे आणि ती दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते. तर दहावीच्या वर्षी ती अडीच लाखांच्या थोडी वर जाते आणि तेरा वर्षांची बेरीज सुमारे साडेएकवीस लाख होते. यात बस नाही, पुस्तकं नाहीत, सहली नाहीत, आठवीनंतरचे क्लास नाहीत, आणि दुसरं मूलही नाही. घराचा हप्ता किती वर्षं चालणार आहे, तो या रकमेच्या शेजारी लिहून बघा. दोघांपैकी एकाची नोकरी सहा महिने थांबली तरी फी भरता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर ती शाळा आपल्यासाठी नाही, आणि त्यात मुलाचं काही नुकसान होत नाही.

शाळेकडून फीचा पूर्ण तक्ता लेखी मागा. तोंडी आकडा ऐकून उठू नका. तक्त्यात हे शोधा:

- प्रवेश फी एकदाच आहे की पहिलीत गेल्यावर पुन्हा?
- अनामत रक्कम परत मिळते का, कधी, आणि किती महिने आधी सांगावं लागतं?
- ‘ॲक्टिव्हिटी’, ‘टेक्नॉलॉजी’, ‘वार्षिक’ अशा नावांखाली किती घेतात आणि ते ऐच्छिक आहे का?
- बसची फी दहा महिन्यांची की बारा?
- गणवेश, पुस्तकं, बूट एकाच दुकानातून घ्यायची सक्ती आहे का? शाळांनी अशी सक्ती करू नये असं शासनाने बजावलेलं आहे.
- प्रवेश रद्द केला तर काय परत मिळतं?

फीवाढीबद्दल आपल्याकडे कायदा आहे, महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११. तो २०१४ पासून लागू झाला. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे शाळेला फीचा प्रस्ताव ठेवावा लागतो आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. म्हणून शाळेत विचारा, ‘मागच्या दोन वेळा फी कधी आणि किती वाढली? कार्यकारी समितीत कोण पालक आहेत?’ या प्रश्नावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, तेही टिपून ठेवा.

देणगी मागितली तर स्वच्छ नकार द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी देणगी, घेणाऱ्या शाळेला घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. ‘इमारत निधी, ऐच्छिक आहे’ असं सांगून पावती न देता रोख मागणारी शाळा पुढच्या बारा वर्षांत कशी वागेल, याचा अंदाज तिथेच येतो.

आयकराचंही थोडं बघा. जुन्या करप्रणालीत असाल तर दोन मुलांपर्यंतच्या शिक्षण शुल्काची वजावट ८० सी खाली, दीड लाखाच्या एकूण मर्यादेत मिळते. प्ले स्कूल-नर्सरीचंही चालतं. बस, देणगी, विकास निधी यात धरत नाहीत. पावतीवर ट्यूशन फी वेगळी दाखवलेली हवी. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही.

५. मान्यता तपासा, आणि पाटीवर विश्वास ठेवू नका

प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी ओळखक्रमांक, असतो. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो. तो मागून घ्या आणि यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव, पत्ता, कितवीपर्यंतचे वर्ग हे जुळतंय का बघा. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांचे शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतात. ठाण्याच्या यादीत दिवा परिसरातल्या शाळा मोठ्या संख्येने आलेल्या आहेत. अशा शाळेत घातलेल्या मुलाला मधेच दुसरीकडे हलवावं लागतं आणि दाखल्याचा घोळ होतो. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर १ लाखापर्यंत दंड आणि त्यानंतर रोज १० हजारांपर्यंत दंड अशी तरतूद आहे, पण दंड शाळेला होतो, वर्ष मात्र आपल्या मुलाचं जातं.

‘सीबीएसई पॅटर्न’ हे शब्द दिसले की थांबा. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. पुस्तकं सीबीएसईची वापरायची आणि मान्यता फक्त प्राथमिक वर्गांची, अशा शाळा आहेत. संलग्नता क्रमांक मागा आणि सीबीएसईच्या सारस पोर्टलवर तपासा. आयसीएसई सांगत असतील तर त्यांच्या परिषदेच्या यादीत बघा. नवी शाळा असेल आणि ‘अर्ज केलाय, होईल’ असं म्हणत असेल तर राज्य शासनाचं ना हरकत प्रमाणपत्र दाखवायला सांगा.

सुट्या प्ले स्कूलचा प्रश्न वेगळा आहे. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा, त्यामुळे या शाळा त्याच्या चौकटीत सरळ बसत नाहीत. तिथे कागदांपेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर भिस्त ठेवा. बाहेर पडायला दोन वाटा आहेत का, खिडक्यांना जाळी आहे का, अग्निशामक यंत्रावरची तारीख उलटून गेलीय का, स्वच्छतागृह मुलांच्या उंचीचं आणि वर्गाला लागून आहे का, एवढं बघाच.

६. वर्ग चालू असताना जाऊन बसा

‘ओपन हाउस’च्या शनिवारी सगळ्याच शाळा सुंदर दिसतात. कामाच्या दिवशी, साधारण साडेदहाला, वर्ग चालू असताना बघू द्या म्हणा. सुरक्षेचं कारण देऊन पालकांना आत घेत नसतील तर निदान काचेतून किंवा दारातून दहा मिनिटं मागा. तेही नाही म्हणाले तर मी ती शाळा यादीतून काढून टाकीन.

भिंतीवरची चित्रं आणि एसी बघू नका. शिक्षिकेचे हात आणि आवाज बघा. आम्ही ज्या शाळेत शेवटी लेकीला घातलं, तिथे दाराशी एक मुलगा हमसून रडत होता. बाई आल्या आणि फरशीवर बसल्या, त्याच्या सँडलचा पट्टा लावता लावता म्हणाल्या, ‘आजी गेली ना? साडेबाराला येणार आहे. चल, ती गेटवरून वळते का ते खिडकीतून बघू.’ गप्प बस नाही, की चॉकलेट नाही. तो हुंदके देत देत खिडकीकडे गेला आणि बाई वर्ग सोडून एक मिनिट त्याच्याबरोबर उभ्या राहिल्या. दुसऱ्या मावशी तोवर बाकीच्या मुलांकडे होत्या.

दुसऱ्या एका शाळेत, फी याच्या जवळपास दुप्पट, एक मुलगी पाय एकमेकांत अडकवून उभी होती. ‘ताई, शू’ म्हणत होती. शिक्षिका हसतमुखाने सांगत होत्या, ‘से इट इन इंग्लिश.’ मुलीला ते येत नव्हतं. आम्ही तिथून फॉर्म न घेता निघालो.

वर्गात किती मुलं आणि किती मोठी माणसं, हे स्वतः मोजा. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. तीन वर्षांच्या मुलांना तेवढं पुरत नाही. वीस-बावीस मुलं, एक शिक्षिका आणि एक मावशी इथपर्यंत मला ठीक वाटतं. मुलांच्या हातात काय आहे तेही बघा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, ते आपल्याच, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. २०१४ पासून तो भाग पालघरमध्ये गेला. शंखशिंपले, बिया, पानं, दगड अशा हाताशी मिळणाऱ्या वस्तूंतून तिथली मुलं मोजायला, जुळवायला शिकली. त्यामुळे ‘आमच्याकडे स्मार्ट बोर्ड आहे’ असं सांगणाऱ्यांना मी विचारते, ‘मुलांना माती, पाणी, वाळू कधी खेळायला मिळते?’

नर्सरीत लिहायला लावत असतील तर सावध व्हा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानलाय आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे. त्याच वर्षीच्या दप्तर धोरणानुसार पूर्वप्राथमिकला दप्तर नको आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नको. साडेतीन वर्षांच्या मुलाची पानभर ए ते झेड लिहिलेली वही शाळेने अभिमानाने दाखवली, तर त्या छोट्या बोटांकडून ते कसं करून घेतलं असेल याचा विचार करा.

७. घरची भाषा आणि शाळेची भाषा

इथे मतं टोकाची असतात, माझंही ठाम आहे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाची पहिली दोन वर्षं ज्या वर्गात मराठी बोललेली चालते, कळते आणि तिला हसत नाहीत, अशा वर्गात जावीत. माध्यम इंग्रजी असलं तरी हे शक्य आहे. शिक्षिकेला आणि मावशींना मराठी येतं का, दुखलं-खुपलं तर मूल आपल्या भाषेत सांगू शकेल का, एवढं बघा. ‘घरीसुद्धा इंग्रजीच बोला’ असा सल्ला पालकांना देणारी शाळा मी टाळीन. आजीशी गप्पा मारणारं मूल अडखळायला लागलं तर ते नुकसान कुठली शाळा भरून देणार नाही.

पुढच्या इयत्तांत मराठी शिकवणं राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांना २०२० च्या कायद्याने बंधनकारक आहे. तरी ती कितवीपासून, आठवड्यात किती तासिका आणि कोण शिकवतं, ते विचारा. उत्तरं शाळागणिक खूप वेगळी मिळतात.

८. सुरक्षितता आणि बस

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराचं जे प्रकरण घडलं त्यानंतर आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही पालकाने हे प्रश्न विचारताना संकोच करू नये. मुलांना स्वच्छतागृहात कोण नेतं? तिथे पुरुष कर्मचारी जातात का? सीसीटीव्ही कुठे आहेत आणि चित्रण कोण बघतं? सगळ्या कर्मचाऱ्यांची, कंत्राटी माणसांचीसुद्धा, पोलिस पडताळणी झालीय का? मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे का आणि तिचे सदस्य कोण? तक्रारपेटी कुठे आहे? चांगल्या शाळेला हे प्रश्न आवडतात. कपाळाला आठ्या पडल्या तर तेच उत्तर समजा.

बसमध्ये महिला मदतनीस हवीच. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. बस शाळेची की कंत्राटदाराची, चालक बदलला तर पालकांना कळवतात का, जोरदार पाऊस झाला आणि शाळा मधेच सोडली तर काय करतात, हे विचारा. खासगी व्हॅनमध्ये दाटीवाटीने मुलं बसवलेली दिसली तर जवळची साधी शाळा जास्त बरी.

९. कागदपत्रं

फॉर्म निघाल्यावर धावपळ नको, म्हणून एका फाइलमध्ये हे आधीच लावून ठेवा:

- मुलाचा जन्म दाखला, नाव घातलेला. नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असेल तर महापालिकेत नावाची नोंद आधी करून घ्या.
- मुलाचं आधार कार्ड. पाच वर्षांच्या आतल्या बाल आधारला बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाल्यावर ते अद्ययावत करायचं.
- लसीकरणाचं कार्ड
- पत्त्याचा पुरावा: वीज बिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार
- आईवडिलांचं आधार आणि पॅन
- मुलाचे आणि पालकांचे पासपोर्ट आकाराचे फोटो
- असल्यास जातीचा दाखला (वडिलांचा किंवा मुलाचा), दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र
- पंचवीस टक्क्यांतून अर्ज असेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. याला वेळ लागतो.

नावाचं स्पेलिंग जन्म दाखला, आधार आणि फॉर्मवर अक्षरशः एकसारखं ठेवा. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम लागतो. शाळेच्या नोंदीतही तोच ठेवा. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख, जन्मस्थान आणि जात कशी लिहिली जाते ते स्वतः वाचून मगच सही करा. पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेच उतरतं आणि जात पडताळणीच्या वेळी तेच मागतात.

१०. ‘इंटरॅक्शन’ला जाताना

प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे निषिद्ध आहे. पहिल्या वेळी २५ हजार आणि नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. म्हणून शाळा त्याला ‘भेट’ किंवा ‘इंटरॅक्शन’ म्हणतात. नुसती ओळख असेल तर जायला हरकत नाही. पण मुलाला रंग, फळं, आकार पाठ करून नेऊ नका. तीन वर्षांचं मूल अनोळखी माणसासमोर तोंड उघडत नाही, हे अगदी बरोबर वागणं आहे. ज्या शाळेने त्यावरून त्याला नाकारलं, तिथे ते सुखात राहिलं नसतं.

तुम्हाला मात्र प्रश्न विचारायची ही चांगली संधी आहे. वेळ थोडा असेल तर हे तीन विचारा: मूल महिनाभर रडत राहिलं तर तुम्ही काय करता? ते दुसऱ्याला चावलं तर काय करता? मागच्या वर्षी पूर्वप्राथमिकच्या किती शिक्षिका सोडून गेल्या? तिसऱ्याचं उत्तर सगळ्यांत जास्त सांगून जातं.

‘आज भरलेत तरच सीट’ असं म्हटलं तर एक दिवस मागा. मोठ्या शाळांतही दरवर्षी बदल्या होतात, लोक घरं बदलतात, ज्युनिअर केजीला आणि पहिलीला जागा निघतात. पैसे चेकने किंवा ऑनलाइन भरा, त्याच वेळी पावती घ्या, आणि परताव्याचे नियम मेलवर मागवून घ्या.

११. पहिले दोन महिने

जून-जुलैत मूल आजारी पडणार हे धरून चाला. सर्दी-ताप, पोट, हात-पाय-तोंडाचे फोड. या काळासाठी दोघांपैकी एकाने रजा राखून ठेवा. तापातलं मूल औषध देऊन शाळेत पाठवू नका, त्याने सगळा वर्ग आजारी पडतो.

पहिले दोन-तीन आठवडे रडणं साहजिक आहे. दीड महिना उलटल्यावरही मूल रात्री दचकून उठत असेल, पूर्वी सुटलेली अंथरूण ओलं करण्याची सवय परत आली असेल, गणवेश बघूनच अंग चोरत असेल, तर आधी शिक्षिकेला भेटा, मग बालरोगतज्ज्ञांना. शाळा ऐकून घेत असेल, काही बदलून बघत असेल, तर थांबा. ‘सगळ्या मुलांचं होतं हो’ एवढ्यावर बोळवण करत असेल तर भरलेल्या पैशांकडे बघत बसू नका. अनामत परत मागण्याचा अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या, आणि सहामाहीची वाट न बघता घराजवळच्या बालवर्गात जागा आहे का ते दुसऱ्याच दिवशी विचारून या.